ड्रॉसेराच्या पानांवरचे थेंब गेले, खत द्यावं का?

रानफूल: घरी ड्रॉसेरा कॅपेन्सिस (चिकट थेंबांनी किडे पकडणारं कीटकभक्षी झाड) आणलाय. आला तेव्हा प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब होता. आता लाल केस कोरडे दिसतात, पानांची टोकं काळी पडताहेत. पाणी उकळून गार केलेलंच घालतो. कुंडी घरात, ऊन लागत नाही. दमटपणा राहावा म्हणून वर पारदर्शक डबा उपडा घातलाय. किडे मिळत नाहीत, तर खत देऊ का?

मृद्गंध: खत नको, कृपा करून! ही झाडं निकस, पाणथळ मातीतली. नत्राची उणीव ती किड्यांतून भरून काढतात. मातीत खत पडलं की मुळं जळतात.

उकळून जंतू मरतात, थोडा चुना भांड्याला बसतो, पण बाकीचे क्षार पाण्यातच राहतात. पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. आरओचं चालेल, पण काही यंत्रं शेवटी क्षार परत मिसळतात, म्हणून मीटरने बघा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या आत हवा. पाणी वरून न ओतता कुंडीखालच्या ताटलीत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर राहू द्या.

मला खरी शंका उजेडाची आहे. तो चीक तयार करायला झाडाला ताकद लागते आणि ती उन्हातूनच येते. डबा काढा, हळूहळू सवय लावत रोज काही तास थेट ऊन मिळू द्या. जुनी पानं सुधारतीलच असं नाही. मधून उलगडणाऱ्या नव्या पानावर थेंब आले की समजा जमलं.

पानवेल: थेंब परतल्यावर मत्स्यालयातल्या माशांच्या खाद्यातला सुका ब्लडवर्म (लाल अळी) भिजवून कणभर पानावर ठेवा. आधी केस वाकतात, मग काही तासांत अख्खं पान त्याच्याभोवती दुमडतं. काय देखणं दिसतं ते! मांसाचा तुकडा मात्र नको, पान सडतं.

रानफूल: मीटर लावला, नळाचं पाणी ३४० निघालं. आता मातीचं काय?

मृद्गंध: बदलाच. पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं, दोन्ही बिनखताचं. पाकिटावर वाचून घ्या. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असतं, ते टाळा. जुनी माती डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडवा. एखादं मूळ तुटलं तर फेकू नका, त्याच मिश्रणात आडवं पुरा. कॅपेन्सिसच्या मुळाच्या तुकड्यातूनही नवं रोप येतं.