गर्दीच्या पॉइंटवर लाट कुणाची?

टिळकवाडीचा पोरगा: नोकरीला चेन्नईत आहे. शनिवारी पहाटे जवळच्या कोवळमला सर्फिंगला गेलो. पॉइंटवर पंचवीसेक जण आधीच बसलेले. पाऊण तास एक लाट मिळाली नाही. शेवटी एक पकडली, तर मागून एकजण ओरडत आला, बोर्डावर बोर्ड आदळला, माझ्या बोर्डाला वीतभर चीर. वर शिव्या मलाच! समुद्राचा उतारा कुणाच्या नावावर आहे काय ओ? मीही बोर्डाचं भाडं भरलंय, लाटेवर सगळ्यांचा हक्क सारखा.

खानापूरवाला: तू त्याच्या पुढ्यात शिरलास, एवढंच. पॉइंटवर लाट खडकाच्या टोकाशी एकाच जागी फुटायला लागते आणि एका अंगानं उलगडत जाते. फुटत्या टोकाला सगळ्यात जवळ जो उभा राहिला, लाट त्याची. विहिरीत पोहायला शिकताना खालचा बाजूला झाल्याशिवाय वरच्यानं उडी टाकायची नाही, हे कुणी पाटीवर लिहून ठेवलं होतं काय? तुझा बोर्ड चिरला, निभावलं. बोर्डाखालच्या फिननं, म्हणजे पात्यानं, मांडी फाटलेली बघितलीय मी. आणि भाड्याचं म्हणशील तर तिकीट काढलं म्हणून एसटीत सीट मिळतेच असं नाही.

निपाणीची ताई: नियम बरोबर, खरं अर्धाच सांगितलास. नऊ फुटी बोर्डवाले हातानं वल्हवतानाच वेग घेतात, म्हणून लांब बसून लाट फुटायच्या आधीच उचलतात. आखूड बोर्डवाला बघत बसतो. दुसरे त्याहून बेरके. लाट संपवून परत येतात, वळसा घालतात आणि सगळ्यांच्या आत, थेट टोकाशी जाऊन बसतात. नळावर घागर भरली की रांगेत मागं जायचं असतं. हे दुसरी घागर घेऊन परत तोटीखाली! नियमात बसतं, म्हणून हरकतही घेता येत नाही.

टिळकवाडीचा पोरगा: ताई, हेच म्हणतोय की मी!

निपाणीची ताई: नाही बाबा. तू भाडं भरलं म्हणालास.

कॅम्पातला: माझं सरळ मत, पहिली लाट गावातल्या पोरांची. त्यांचे बापजादे तिथनं होड्या घालत आलेत. उद्या वाहून गेलास तर काढणारेही तेच.

खानापूरवाला: स्थानिक आणि बाहेरचे हा वाद बेळगावकराला शिकवू नको, १९५६ पासून तोच ऐकतोय. मान द्यावा, मान्य. खरं ऑस्ट्रेलियात स्नॅपर रॉक्सला बघ. ट्वीड नदीच्या मुखाशी अडणारी वाळू २००१ पासून पंपानं पलीकडं टाकतात, त्या वाळूवर तिथली लांबलचक लाट उभी राहिली. खर्च दोन राज्य सरकारांचा. तिथं बापजाद्यांचा हक्क कुठं लावणार?

कॅम्पातला: कोवळमला कुठला पंप आहे? तिथलं तिथं.

टिळकवाडीचा पोरगा: मग नवख्यानं शिकायचं कुठं?

निपाणीची ताई: वाळूच्या किनाऱ्यावर. लाटा दहा ठिकाणी फुटतात, माणसं आपोआप पांगतात. दिवाळीला गावाकडं आलास की चोर्ला घाट उतरून गोव्यात आश्वेला जाऊ.

टिळकवाडीचा पोरगा: येतो. खरं त्या चिरेपायी डिपॉझिट अडकवून ठेवलंय, त्याचं काय?

खानापूरवाला: ते विसर.