अनुभव धागा : ऐतिहासिक कादंबरीतला काळ तुम्हाला कुठे खरा वाटला?

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूपाने आली. त्यानंतर कित्येक पिढ्या ऐतिहासिक कादंबरी म्हटली की शिवकाळ किंवा पेशवाई एवढेच डोळ्यांपुढे येत असे. अलीकडे माझ्या हाती आलेल्या नव्या कादंबऱ्या मात्र सातवाहनांच्या घाटवाटांवर, यादवांच्या देवगिरीत, पोर्तुगीज अमलातील गोव्यात, प्लेगच्या पुण्यात आणि अगदी १९७२ च्या दुष्काळी कामांवरही घडतात. या धाग्यावर कादंबऱ्यांची परीक्षणे नकोत. वाचताना किंवा लिहिताना एखाद्या वस्तूमुळे, शब्दामुळे, पदार्थामुळे तो काळ अचानक जिवंत झाला असेल, किंवा एखाद्या चुकीमुळे विश्वास उडाला असेल, तर तो क्षण कृपया सविस्तर सांगावा.

निवृत्त शिक्षक, जुन्नर तालुका

सातवाहन काळावरील एक कादंबरी वाचून झाल्यावर ती पिशवीत घालून मी नाणेघाटात गेलो. विद्यार्थ्यांना घेऊन तिथे अनेकदा गेलो होतो. जकातीसाठी ठेवला असे परंपरेने सांगितले जाणारे दगडी रांजण आणि भिंतीवरचा ब्राह्मी लेख त्यांना दाखवला होता. या वेळी मात्र लेण्याच्या मागच्या भिंतीपुढे फार वेळ बसून राहिलो. तिथे सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या मूर्ती आज उरलेल्या नाहीत, पण सिमुक, सातकर्णी, नागनिका ही त्यांच्यावर कोरलेली नावे अजून वाचता येतात. नावे आहेत आणि चेहरे नाहीत, अशा जागी कादंबरीकाराला काम करायचे असते, हे मला त्या दिवशी उमगले.

लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नावाच्या नाण्यांची मोठी यादी आहे, आणि त्यातच राणीविषयी ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी असल्याचे शब्द आहेत. कादंबरीतील सर्वांत उत्तम प्रकरण या दोनतीन शब्दांतून उभे राहिले आहे: राज्याचा हिशेब ऐकत बसलेली, उपवासाने थकलेली, तरीही एकही आकडा निसटू न देणारी विधवा. त्याच कादंबरीत ती तलवार घेऊन रणात उतरते, तेव्हा मात्र माझा विश्वास ढळला. पराक्रम दाखवायला तलवारच हवी, असे लेखकाला का वाटावे?

लेखिका, छत्रपती संभाजीनगर

मी देवगिरीच्या रामचंद्रदेवाच्या काळावर, म्हणजे अल्लाउद्दीन खलजीने १२९६ साली केलेल्या स्वारीच्या आधीच्या काही वर्षांवर, कादंबरी लिहीत आहे. पहिल्या खर्ड्यात माझी नायिका शेतावर नवऱ्यासाठी भाकरी आणि ठेचा घेऊन जात होती. खर्डा वाचलेल्या एका मैत्रिणीने विचारले, "अगं, मिरची कुठून आणलीस?" मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो आणि मकाही मूळचे अमेरिका खंडातले, त्यामुळे माझ्या नायिकेच्या स्वयंपाकघरातून एका दुपारीत निम्म्या गोष्टी बाहेर गेल्या. मग तिखटासाठी मिरी, पिंपळी आणि आले उरले. मी स्वतः आठवडाभर मिरचीशिवाय स्वयंपाक केला. मिरीचा तिखटपणा जिभेवर उशिरा येतो आणि घशात रेंगाळतो, हे तेव्हा कळले आणि ते वाक्य तसेच कादंबरीत गेले.

त्याहून कठीण प्रश्न भाषेचा निघाला. आपण रोज बोलतो ते जमीन, शहर, बाजार, दरवाजा, आवाज, आजार, गरीब, हजर हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत, आणि त्यांचा मोठा ओघ मराठीत आला तो देवगिरीचे राज्य गेल्यानंतर. भुई, नगर, हाट, कवाड, दुखणे हे पर्याय सहज सापडले, पण 'आवाज' या शब्दापाशी मी अनेक दिवस अडले. साद, नाद, हाक, ध्वनी यांपैकी प्रत्येकाचा अर्थ थोडा निराळा आहे. आणि त्या निवडीमुळे मला प्रत्येक वेळी नेमके काय ऐकू येत आहे, याचा विचार करावा लागला. यादवकाळातील गद्य ग्रंथ लीळाचरित्र मी शेजारी उघडे ठेवते. त्यातील माणसे किती थोड्या शब्दांत बोलतात! निवेदनात मी आजची मराठी ठेवली आहे, संवादांतून मात्र हे शब्द काढले आहेत. काही वाचकांना हा हट्ट वाटेल, पण त्यामुळे पात्रे माझ्यापासून योग्य तेवढी दूर उभी राहिली.

मोडी लिपीचे अभ्यासक, पुणे

माझे काम जुनी कागदपत्रे वाचण्याचे असल्यामुळे कादंबरीत पत्र आले की मी प्रथम त्याचा मायना पाहतो. वडीलधाऱ्या किंवा धन्याला लिहिताना 'विनंती विज्ञापना ऐसीजे' असा आरंभ येतो, तर 'जाणिजे' हा शेवट वरून खाली गेलेल्या आज्ञेचा असतो. पानिपतावरील एका कादंबरीत कारकुनाने सरदाराला लिहिलेले पत्र 'जाणिजे' या शब्दाने संपले, आणि क्षणात मी छावणीतून उठून माझ्या टेबलापाशी आलो. ही चूक लहान नाही, कारण त्या एका शब्दात कोण कोणापुढे किती वाकून उभा आहे, हे सांगितलेले असते.

तरीही ती कादंबरी मी सर्वांना सुचवतो. १४ जानेवारी १७६१ चा दिवस तिने थोडक्या पानांत संपवला आणि त्याआधीच्या उपासमारीला जवळजवळ निम्मे पुस्तक दिले. अब्दालीने रसद तोडल्यानंतर लढवय्यांबरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे असा प्रचंड जमाव त्या छावणीत अडकला होता. रोज मापटे मोजणारी, मूठ आखडत नेणारी एक बाई या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. मी वाचलेल्या मूळ पत्रांतही युद्धापेक्षा चारा, कर्ज आणि धान्याची चिंता जास्त दिसते, त्यामुळे ती बाई कल्पित असली तरी मला कागदोपत्री भेटल्यासारखी वाटली.

गृहिणी, मूळ गाव गोवा, सध्या बेळगाव

आमचे कुलदैवत मंगेशी. दर वर्षी आम्ही प्रियोळला जातो आणि तिथे गेल्यावर घरातील वडील माणसे देवाचे मूळ स्थान झुआरीकाठच्या कुशस्थळीला, आजच्या कुठ्ठाळीला, होते हे मुलांना सांगतात. पोर्तुगीजांच्या भीतीने १५६० च्या सुमारास देव नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पण ती कादंबरीत वाचताना प्रथमच मला होडीचा नावाडी दिसला. त्याला काय नेतो आहोत हे ठाऊक आहे, परत त्याच काठावर राहायचे आहे, आणि पहाटे कोणी विचारले तर काय सांगायचे याची तो वल्ह्यागणिक उजळणी करतो. ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटले आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले.

माझी तक्रार एवढीच की मागे राहिलेल्या आणि ख्रिस्ती झालेल्या माणसांना लेखकाने चेहरा दिला नाही. एकाच घरातील एक भाऊ नदी ओलांडतो आणि दुसरा शेताभाटाला धरून राहतो, यातील यातना दोघांच्याही आहेत. त्या दुसऱ्या भावाची कादंबरी मला वाचायची आहे.

परिचारिका, पिंपरी

कोरोनाच्या वॉर्डातील ड्युट्या संपल्यानंतर मी १८९७ च्या प्लेगवरील कादंबरी वाचली. घरझडत्या आणि विलगीकरणाच्या छावण्यांची वर्णने वाचताना मला अनेकदा थांबावे लागले. त्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. हे मला माहीत होते, तरी ते पान आले तेव्हा हात थरथरला. पण त्याच पुस्तकातील डॉक्टर मुलाला सांगतो की उंदरावरच्या पिसवा चावून प्लेग होतो. पिसवांचा हा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली प्रयोगाने दाखवला. १८९७ मध्ये उंदीर पटापट मरत असल्याचे लोकांना दिसत होते, पण कारण कळत नव्हते, आणि माझ्या मते त्या भीतीचा गाभाच हा आहे. आम्हीही पहिल्या लाटेत दाराच्या कड्या, भाजी, दुधाच्या पिशव्या पुसत होतो. डॉक्टरला उत्तर माहीत असल्यामुळे त्या प्रकरणातील अंधार निघून गेला.

शेतकरी, वय ६५, बीड जिल्हा

नातीने मला एक कादंबरी आणून दिली. ती १९७२ च्या दुष्काळावर आहे, आणि दुकानात ती ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या फळीवर होती असे तिने सांगितले. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो आणि आईबरोबर खडी फोडायला जात होतो. पुस्तकात परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आहे, कामावर खायला मिळणारी सुकडी आहे, हजेरीपट आहे. सुकडीची चव गोड लिहिली आहे, तीही बरोबर आहे. एक गोष्ट मात्र सुटली आहे. खडी फोडताना कपच्या उडून डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून आई माझ्याकडे पाठ करून बसायची, त्यामुळे दिवसभर मला तिची पाठच दिसायची. मी हे नातीला सांगितले, आणि तिने ते पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.