क्यूवर किती पैसे घालायचे? ‘एकदाच महागातली घ्या’ हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही

बँकशॉट

परवा इथे एका नवख्या खेळाडूने क्यूबद्दल, म्हणजे बॉल मारायच्या काठीबद्दल, विचारलं होतं, “चार महिने पूल खेळतोय, स्वतःची क्यू घ्यायची आहे, किती पैसे घालू?” त्याला मिळालेलं उत्तर असं: “झेपेल तेवढी महागातली घ्या. स्वस्त घेतली की वर्षभरात पुन्हा घ्यावी लागते, त्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे. चांगली क्यू हातात आली की खेळ आपोआप सुधारतो.” खाली सगळ्यांनी ‘सहमत, सहमत’ लिहून टाकलं. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आपोआप काही सुधारत नाही हो. क्यूच्या टोकाचं चामडं, म्हणजे टिप, आणि बॉल एकमेकांना भिडतात तो वेळ जेमतेम एक-दोन हजारांश सेकंदांचा. तेवढ्यात बॉलला कळतं ते मोजकंच: टिप कुठे लागली, किती वेगाने लागली, कुठल्या दिशेने आली आणि शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या, टोकाला वजन किती होतं. बटमध्ये, म्हणजे मागच्या जाड भागात, खरा शिंपला जडवलाय की नक्षीचा कागद चिकटवलाय, हे बॉलपर्यंत पोचतच नाही. आणि किंमत चढते ती नेमकी तिथे. दुर्मिळ लाकूड, जडावकाम, बटवरच्या लांब टोकदार पट्ट्या म्हणजे पॉइंट्स, मुठीवरचा चामड्याचा रॅप. त्या पॉइंट्सना एके काळी काम होतं, बटची दोन लाकडं एकमेकांत पक्की बसवायचं. आज बहुतेक क्यूंवर ती निव्वळ शोभा असते.

पैसे घालायचे ते आधी टिपवर, मग सरळ शाफ्टवर, मग शाफ्ट आणि बट जोडणाऱ्या, घट्ट बसणाऱ्या जॉइंटवर. वजनासाठी जादा पैसे मोजू नका. १८ ते २१ औंस, म्हणजे साधारण ५१० ते ५९५ ग्रॅम, यात बहुतेकांचं भागतं आणि बऱ्याच क्यूंच्या बटमधला बोल्ट बदलून वजन कमी-जास्त करता येतं. कुणाला आकडाच हवा असेल तर माझा हिशोब सरळ आहे: दोन-तीन महिन्यांत तुम्ही टेबलाच्या भाड्यावर जेवढं घालवता, तेवढी क्यूची किंमत. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याचा आकडा लहान निघेल, रोज खेळणाऱ्याचा मोठा, आणि दोन्ही बरोबर असतील.

हे मी पुस्तकी बोलत नाही. दुसऱ्याच वर्षी साठवलेले सगळे पैसे एका नक्षीदार क्यूत घातले होते. टिप दगडासारखी कडक, वरून गुळगुळीत झालेली, खडू धरेचना. सहा महिने टिप बॉलवरून घसरून मिसक्यू करत राहिलो आणि दोष हाताला देत राहिलो. शेवटी एका जुन्या साध्या क्यूला मध्यम टिप बसवून घेतली आणि आठवड्यात ड्रॉ, म्हणजे पांढरा बॉल मागे खेचणारा शॉट, परत आला. ते सहा महिने कुणी भरून देणार नाही, म्हणून त्या मुलासाठी हे लिहितोय.

मेपलवेडा

तो सल्ला देणारा मीच. नाव घेऊन लिहिलं असतंत तर जास्त आवडलं असतं.

तुमची गोष्ट महाग क्यूविरुद्ध नाही, खराब टिपविरुद्ध आहे. त्याच नक्षीदार क्यूची टिप बदलली असतीत तर हा धागा निघालाच नसता.

आता माझं ऐका. मी पहिली क्यू सगळ्यात स्वस्त घेतली. एका पावसाळ्यात शाफ्ट वाकला. दुसरी जरा बरी घेतली, तिचा जॉइंट खुळखुळायला लागला. तिसरी मनापासून आवडलेली, ऐपतीच्या थोडी बाहेरची. तिला आता अकरा वर्षं झाली. पहिल्या दोघींवरचे पैसे सरळ पाण्यात गेले. शिवाय, आवडती क्यू घरात असली की माणूस खेळायला जातो. कामावरून दमून आलो तरी केस उघडून तिच्याकडे पाहिलं की पाय बाहेर पडतात. बॉलला नक्षी कळत नाही हे मान्य, पण खेळणारा बॉल नाही, माणूस आहे.

सरळरेघ

दोघेही मुद्दा सोडून भांडताय. बँकशॉट यांनी स्वतःच लिहिलंय की टोकाचं वजन बॉलला कळतं, आणि मग पुढे ते विसरूनच गेले. पैसे घालायची खरी जागा ती आहे. लो डिफ्लेक्शन शाफ्ट.

उजवीकडे साइड देऊन, म्हणजे मध्याच्या उजवीकडे मारलं की पांढरा बॉल क्यूच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे सुटतो. हेच डिफ्लेक्शन. किती सुटेल हे शाफ्टच्या शेवटच्या वीतभर लांबीतलं वजन ठरवतं. ते वजन कमी करायला आतून पोकळ केलेले शाफ्ट, टिपखालचं आखूड हलकं कडं (फेरूल), आता कार्बन फायबर. मी साध्या मेपल लाकडाच्या शाफ्टवरून कार्बनवर आलो तेव्हा लांबच्या साइडच्या शॉटना नेम धरताना जो अंदाज घ्यावा लागायचा तो निम्म्यावर आला. त्यात कार्बन ओल्या हवेत वाकत नाही, त्याला खोक पडत नाही, फडक्याने पुसलं की झालं. बट साधा घ्या, सगळे पैसे शाफ्टमध्ये ओता.

कोपऱ्यातलं पॉकेट

आला कार्बन. कुठलाही विषय काढा, शेवटी कार्बन येतोच.

अर्ल स्ट्रिकलँडने १९८४ आणि १९८७ मध्ये पूलची यूएस ओपन जिंकली तेव्हा हे शाफ्ट बाजारात होते का? नव्हते. ती पिढी जाड मेपलवर शिकली आणि डिफ्लेक्शनचा अंदाज त्यांच्या हातात मुरला. आजची मुलं तो अंदाज विकत घ्यायला निघाली आहेत.

सरळरेघ

आणि २०२२ ची जागतिक नाइन-बॉल (पूलचाच एक प्रकार) स्पर्धा जिंकणारा शेन व्हॅन बोनिंग कशाने खेळतो? कार्बन शाफ्टने. जुन्या लोकांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला म्हणून आम्हीही दिवे लावायचे नाहीत का?

कोपऱ्यातलं पॉकेट

कंपनी त्याला तो शाफ्ट वापरायचे पैसे देते. तुम्हाला देते का?

सरळरेघ

पैसे देणारी कंपनी निवडता येते, मॅच हरवणारी क्यू कुणी निवडत नाही. आणि “अंदाज हातात मुरतो” हे बोलायला सोपं आहे. हळू शॉटला बॉल कापडावर वळून परत रेषेकडे येतो, जोरात मारलं तर वळायला वेळच मिळत नाही. म्हणजे प्रत्येक वेगाला, प्रत्येक अंतराला अंदाज वेगळा. नोकरी सांभाळून आठवड्याला चार तास खेळणाऱ्याने तो कधी मुरवायचा? तुम्ही तरुणपणी दिवसाला आठ तास टेबलावर काढलेत, ते सगळ्यांना मिळत नाहीत.

कोपऱ्यातलं पॉकेट

आठ तास फुकट मिळाले नव्हते. रात्रभर रॅक लावायचं आणि टेबलं पुसायचं काम करून मिळवले होते. पोकळ शाफ्ट घेतला म्हणून अंदाज शून्यावर येत नाही, कमी होतो एवढंच. कमी झालेला अंदाजही घ्यावाच लागतो. आणि वर ही मंडळी सांगत सुटतात की या शाफ्टने स्पिन जास्त मिळतो. साफ खोटं.

पांढरा बॉल

या एका मुद्द्यावर कोपऱ्यातल्या पॉकेटशी सहमत. स्पिन शाफ्टमधून येत नाही. मध्यापासून किती लांब मारलं आणि किती वेगाने, त्यातून येतो. बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्या साडेअठ्ठावीसच्या आसपास. मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपलीकडे, चौदा मिलिमीटरच्या बाहेर गेलात की कुठलीही क्यू घसरते. ती हद्द टिप आणि खडू सांभाळतात. लो डिफ्लेक्शनवाल्यांना स्पिन जास्त वाटतो, कारण नेम चुकायची भीती कमी झाल्याने ते नकळत जास्त बाहेर मारतात.

आणखी एक. साइड देताना पुढचा हात जागेवर ठेवून मागचा हात फिरवणारे पुष्कळ आहेत. त्यांचा ब्रिज, म्हणजे टेबलावर टेकवलेला पुढचा हात, त्या शाफ्टच्या पिव्होट बिंदूवर असेल तर डिफ्लेक्शन आपोआप भरून निघतं. साध्या मेपलचा तो बिंदू टिपच्या जवळ असतो, लो डिफ्लेक्शनचा लांब. आखूड ब्रिजवाल्याला, म्हणजे हात टिपच्या जवळ टेकवणाऱ्याला, हलका शाफ्ट उलट बाधतो. म्हणून ‘सगळे पैसे शाफ्टमध्ये ओता’ हा सल्लाही सरसकट देऊ नका.

सरळरेघ

स्पिनचं मी लिहिलंच नव्हतं. न केलेल्या दाव्याला उत्तर कशाला देताय? पिव्होटचं मान्य, पण आखूड ब्रिजने खेळणारे किती असतात?

कोपऱ्यातलं पॉकेट

नवखे सगळेच.

सरळरेघ

…बरं. चार महिन्यांच्या खेळाडूला कार्बन नको. वर्षभराने मी हेच पुन्हा लिहीन.

रात्रपाळी

अवांतर आहे, पण खर्चाचा विषय निघालाय तर सांगायलाच हवं. क्यूवर कितीही घाला, ती सांभाळता येत नसेल तर एक छदाम घालू नका. मी माझी एकाला “एकच गेम” म्हणून दिली. त्याने शॉट चुकल्यावर बट जमिनीवर आपटला. जॉइंटच्या कडेला चीर. त्या माणसाने साधं सॉरीही म्हटलं नाही, “जुनीच होती की” म्हणाला. तेव्हापासून ओळखीच्या माणसालाही क्यू देत नाही आणि मला त्याची लाज वाटत नाही. दुसरा प्रकार, गाडीच्या डिकीत क्यू ठेवणारे. भर उन्हात डिकी तापते, लाकूड वाकतं, डिंक सुटतो, आणि मग हेच लोक म्हणतात स्वस्त क्यू टिकत नाही. मेपलवेडा, तुमच्या पहिल्या क्यूचा शाफ्ट पावसाळ्यात वाकला म्हणता, ती ठेवली कुठे होती?

मेपलवेडा

भिंतीला तिरकी टेकवून. हो, चूक माझी. पण दुसरीचा जॉइंट मी बिघडवला नव्हता.

कोपऱ्यातलं पॉकेट

आता मूळ विषय. स्टीफन हेंड्री. स्नूकरचा आहे म्हणून कुणी ओरडू नका, मुद्दा तोच आहे. सातही जागतिक विजेतेपदं त्याने एकाच क्यूने जिंकली, लहानपणापासूनच्या. महागडी कलाकुसर नव्हती ती. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली आणि त्यानंतर त्याला पुन्हा जागतिक विजेतेपद मिळालं नाही. क्यूची किंमत बाजार ठरवत नाही, तुमचा हात ठरवतो.

मेपलवेडा

अहो, मग हे माझ्याच बाजूचं झालं! एकदाच घ्या आणि तिच्याशी एकनिष्ठ राहा, हेच तर मी त्या मुलाला सांगत होतो. दर वर्षी ‘जरा बरी’ क्यू घेणाऱ्याचा हात कधी बसायचा?

बँकशॉट

दोन दिवसांत कार्बनवर एवढं रामायण झालं, धागा माझा आहे हेच मी विसरलो होतो.

मेपलवेडा, तुमच्या सल्ल्यात दोन गोष्टी आहेत. ‘एकदाच घ्या’ आणि ‘झेपेल तेवढी महाग घ्या’. हेंड्रीच्या गोष्टीने पहिली सिद्ध होते, दुसरी नाही. पहिली मी मान्य करतो. मनापासून करत नाही, कारण चार महिन्यांत स्वतःचा स्ट्रोकच ठरलेला नसतो, टिप साडेबारा मिलिमीटरची हवी की तेराची हे कळत नसतं, मग आयुष्यभराची निवड कशाच्या जोरावर करायची? पण एका क्यूला दोन वर्षं चिकटून राहिलं पाहिजे, यावर वाद नाही. आणि माझ्या नक्षीदार क्यूची टिप मी बदलायला हवी होती, हेही खरं. तेव्हा ते सांगणारं कुणी भेटलं नाही.

मेपलवेडा

‘झेपेल तेवढी’ हा शब्द मी मागे घेतो. ‘आवडेल ती’ म्हणायला हवं होतं. पण तुमचा टेबलाच्या भाड्याचा हिशोबही अर्धवट आहे. मी मित्राच्या घरी खेळतो, भाडं शून्य. मग मी क्यू फुकट मिळवायची का?

बँकशॉट

बरं, तुमच्यासाठी तासांवर मोजू. आठवड्याला दोन तासांच्या आत असाल तर साधी, सरळ, चांगल्या टिपची. सहा-सातच्या वर गेलात तर शाफ्टचा विचार करा. यापलीकडे मी सरकणार नाही.

नवा रॅक

मीच तो प्रश्न विचारणारा. उत्तरं वाचून घाबरलो होतो, म्हणून गप्प होतो. किती खेळतो ते कुणी विचारलंच नाही: आठवड्याला तीन तास, सगळे तास हॉलच्या क्यूंवर. त्यांच्या टिप पसरून छत्रीसारख्या झाल्यात आणि प्रत्येक वेळी वेगळी क्यू हातात येते. ड्रॉ एक दिवस जमतो, दुसऱ्या दिवशी जमत नाही, आणि चूक कुणाची ते कळत नाही. म्हणून स्वतःची हवी आहे.

एक जण जुनी विकतोय. साधा बट, मेपल शाफ्ट, १९ औंस. टेबलावर फिरवून पाहिली, किंचित डुलते. घेऊ का?

पांढरा बॉल

जोडून फिरवली की सुटी?

नवा रॅक

जोडून.

पांढरा बॉल

दोन्ही भाग वेगळे करून एकेक फिरवा. शाफ्ट एकटा फिरताना टिप वर-खाली होत असेल तर फुकटही घेऊ नका. दोन्ही सरळ फिरत असतील तर दोष जॉइंटच्या तोंडाशी आहे. आधी तिथला मळ फडक्याने पुसून, नीट कसून पुन्हा बघा. शाफ्टवरून नख फिरवून खोक आहेत का तेही पाहा. टिप कशीही असो, नवी बसवून घ्यायचा खर्च किमतीत धरा.

मेपलवेडा

आणि हातात धरल्यावर आवडते का ते बघा. नाही आवडली तर सरळ असूनही घेऊ नका.

नवा रॅक

आज संध्याकाळी गेलो होतो. शाफ्ट एकटा एकदम सरळ. जॉइंटच्या तोंडावर वाळलेल्या गोंदाचा थर होता, मालकाने माझ्यासमोर खरवडला. नंतर डुलणं गेलं. घेतली. मध्यम टिप उद्या बसवून मिळेल.

आवडली का विचाराल तर, हो. बटवर नक्षी काही नाही, पण लाकडाच्या रेषा सुंदर आहेत.

रात्रपाळी

अभिनंदन. कुणाला देऊ नका.