हद्दवाढीतल्यांनी तोंड उघडायचंच नाही का?

विजापूररोडवाला

परवा पाण्याच्या धाग्यावर साखरपेठी यांनी लिहिलं, "1992 ची हद्दवाढ ही सोलापूरची सगळ्यात मोठी चूक. माळावर बंगले बांधून बसलेल्यांच्या गटारींचे पैसे आम्ही गावठाणातल्यांनी का भरायचे?" खाली अंगठ्यांची रांग. तिथे दोन ओळींत भागलं नसतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

33 चौरस किलोमीटरचं शहर हद्दवाढीने 178 चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी. या गावांनी काय अर्ज केला होता आम्हाला शहरात घ्या म्हणून? बरं, माळावर राहायला आलं कोण? आभाळातून पडलं का? माझे वडील शुक्रवार पेठेतले. तीन भाऊ, दोन खोल्या, वाड्यात सगळ्यांना मिळून एक संडास. भावांची लग्नं झाल्यावर कुणीतरी बाहेर पडणार होतंच. वडील पडले. जुळे सोलापूर, सैफुल, आसरा, कुठंही जाऊन विचारा, दर दुसऱ्या घरात हीच गोष्ट निघेल.

आणि बंगले म्हणे! आमचा प्लॉट दीड गुंठ्याचा. घेताना नकाशावर समोर बाग दाखवली होती. आज त्या बागेत तीन मजली घर आहे, प्लॉट पाडणाऱ्याने बागही विकली. ड्रेनेज नाही, शोषखड्डा आहे, पावसाळ्यात तो भरला की घरात बसवत नाही. पट्टी मात्र आम्ही पण भरतो.

साखरपेठी

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता ऐका.

वडील पेठेतले ना? मग पेठेतल्या त्या दोन खोल्यांचं काय झालं तेही सांगा की. मी सांगतो. कापडवाल्याला गोदामाला दिल्या असणार. आमच्या गल्लीत आता राहती घरं बोटावर मोजण्याइतकी, बाकी गठ्ठे आणि शटर. संध्याकाळनंतर गल्लीत माणूस दिसत नाही. ही पेठ ओस पडली ती तुम्ही सगळे विजापूर रोडला पळालात म्हणून. आणि दिवाळी आली की नव्या पेठेत गाडी लावायला जागा नाही म्हणून बोंबलणार पण तुम्हीच.

राहिला पट्टीचा प्रश्न. आमच्याकडे शंभर फूट पाइप टाकला की वीस-पंचवीस घरांना पाणी. तुमच्याकडे तेवढ्याच पाइपात चार घरं आणि दोन मोकळे प्लॉट, ज्यांचा मालक पुण्यात बसून भाव वाढायची वाट बघतोय. 178 चौरस किलोमीटरला रस्ता, दिवा, घंटागाडी पुरवायची म्हणजे पैसा कुठून येतो? हा हिशोब मांडला की लगेच आम्ही माणुसकी नसलेले.

कडक_भाकरी

पट्टीचं नंतर बघा. आधी मोटारीचं बोला. उजनी धरण शंभर टक्के भरतं, दरवाजे उघडतात, पेपरात फोटो येतो, आणि शंभर किलोमीटरवरचं ते पाणी आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी. तेही रात्री दोनला. बरं येतं तर येऊ दे, मी उठतो. पण पाणी सुटलं की पाच मिनिटांत आख्ख्या गल्लीत मोटारी सुरू. थेट लाईनला जोडलेल्या! परवा मी नळाची तोटी काढून पाइपाच्या तोंडावर तळहात धरला, तर हात आत ओढला जातोय. पाणी येण्याऐवजी माझ्या नळातली हवा शेजारच्या हौदात चाललीय. हे गावठाणात पण आहे आणि हद्दवाढीत पण आहे. आधी हे चोर पकडा.

नळावरचा

चोर कुणाला म्हणता? आमचं घर चढावर आहे. मोटार न लावता हौदात दोऱ्याएवढी धार पडते, घागर भरायला पाऊण तास. घरात म्हातारी आई, दोन पोरं. खालच्या गल्लीतले आधी बंद करू देत, मी त्याच दिवशी काढतो.

कडक_भाकरी

प्रत्येक जण हेच म्हणतो बे. खालचा म्हणतो वरचा लावतो म्हणून लावली, वरचा म्हणतो खालचा ओढतो म्हणून. मधल्यामध्ये ज्याच्याकडे मोटार घ्यायला पैसे नाहीत ती बाई घागर घेऊन शेजाऱ्याच्या दारात.

नळावरचा

मला शिकवू नका. टँकर मागवून बघा एकदा, मग बोला.

आसरा_चौक

उजनीची समांतर, म्हणजे दुसरी पाइपलाइन झाली की रोज पाणी, असं वर्षानुवर्षं ऐकलं. लाईन आली तरी टाक्या आणि आतलं जाळं जुनंच असेल तर मोटारीच फुगणार. मी तर म्हणतो पाणी सुटलं की त्या भागाची लाइटच घालवा.

कडक_भाकरी

लाइट घालवायला माझा पाठिंबा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर चालवणारे महाभाग पण आहेत ते वेगळं.

विडीवाली_लेक

तुम्ही सगळे निदान हद्दीत तरी आहात. हद्दीबाहेरच्या कुंभारीचं नाव कुणी काढलं का? विडी कामगार बायकांची 10 हजार घरं, 2006 मध्ये मनमोहन सिंग स्वतः आले होते. पुढे तिथेच रे नगर, 30 हजार घरांची योजना, त्यातल्या 15 हजारांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये मोदींनी दिल्या. दोन पंतप्रधान आले, पण शहर अजून आम्हाला शहर म्हणत नाही. माकपच्या आडम मास्तरांनी मोर्चे काढून काढून घरं मिळवून दिली, त्यांचं राजकारण पटो न पटो.

आई आधी पूर्व भागात भाड्याच्या खोलीत राहायची. पत्र्याचं छप्पर, मे महिन्यात विडीची पानं गुंडाळून ठेवलेलं ओलं फडकं तासाभरात कोरडं. कुंभारीला स्वतःचं घर झालं तेव्हा तिने दारावर हळदीकुंकू लावून ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोललीच नाही. पण सुरुवातीला विड्या द्यायला शहरात यायचं तर रिक्षाभाड्यात मजुरी खलास. त्यामुळे पेठेतले आणि जुळे सोलापूरवाले गटारीवरून भांडतात तेव्हा मला हसू येतं.

पुण्याहून_वाचतोय

मी मूळचा सोलापूरचाच, कामासाठी इकडे. पुण्यात 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं हद्दीत घेतली. तिथेही सोसायट्या टँकरवर जगतात. त्यामुळे हा सोलापूरचाच रोग आहे असं नाही. आधी इमारती, मग हद्द, मग पाइप असा क्रम असला की हेच होतं.

साखरपेठी

आले पुणेकर. तुमचा पण एक मोकळा प्लॉट असेल ना इकडे? कुसळं वाढलीत, साप निघतात, शेजारी शिव्या घालतात.

पुण्याहून_वाचतोय

आहे. होटगी रोडला. निवृत्तीनंतर बांधणार आहे.

साखरपेठी

घ्या! म्हटलं नव्हतं?

विजापूररोडवाला

साखरपेठी, मोकळ्या प्लॉटांवर जास्त पट्टी लावा म्हणाल तर मी तुमच्या बाजूने सही करतो. पण ज्याने एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, पोटाला चिमटा काढून घेतला त्याला त्याच तराजूत घालू नका. सातबारा सामाईक, बांधकाम परवाना मिळत नाही, बँक कर्ज देत नाही. असे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा 2001 चा, 2021 मध्ये बदल करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉट त्यात घेतले. म्हणजे सरकारने वीस वर्षं हे होऊ दिलं आणि मग म्हटलं, पैसे भरा, नियमित करतो.

साखरपेठी

बरं, बंगलेवाले हा शब्द गुंठेवारीवाल्यांना लागू नाही. एवढं मान्य. विडीवाल्या ताईंना तर मी काही बोललोच नव्हतो. पट्टीबद्दल मात्र एक अक्षर मागे घेत नाही. आणि शुक्रवार पेठेतल्या खोल्या कुणाला दिल्या ते अजून सांगितलं नाहीत.

विजापूररोडवाला

काकांकडे आहेत. भाड्याने. गोदामाला. झालं समाधान?

साखरपेठी

लई झालं.

कडक_भाकरी

उद्या पहाटे आमच्याकडे पाणी आहे. गल्लीत फिरून प्रत्येक मोटारीचा व्हिडिओ काढणार आणि इथे टाकणार. मग बघू कोण चढावर राहतो आणि कोण उतारावर.

नळावरचा

जरूर टाका. सुरुवात स्वतःच्या हौदापासून करा. मागच्या महिन्यात कुंड्यांचा फोटो टाकला होतात ना, त्यात जास्वंदीच्या मागे निळी मोटार दिसते. अर्ध्या हॉर्सपॉवरची असावी.