प्लँक्स्टीची काळी रेकॉर्ड आणि ते पाइप्स

एकाने विचारलंय, प्लँक्स्टी या आयरिश लोकसंगीत गटाच्या 1973च्या पहिल्या अल्बममध्ये वाजतात ते स्कॉटिश बॅगपाइपच का? नाही. ते इलियन पाइप्स. आयरिश भाषेत 'उलिन' म्हणजे कोपर. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराखाली छोटा भाता, दुसऱ्याखाली हवेची पिशवी, आणि वाजवणारा बसून वाजवतो. म्हणून आवाज रणवाद्यासारखा अंगावर येत नाही, घरातला वाटतो.

हा अल्बम मी हॉस्टेलवर रूममेटच्या कॅसेटवरून ऐकला. पहिलंच गाणं, श्रीमंत घर सोडून भटक्यांबरोबर निघालेल्या बाईचं. गटाचा गायक क्रिस्टी मूर याने ते जॉन रायली या भटक्या समाजातल्या गायकाकडून घेतलेलं. गाणं संपतं न संपतं तोच लियम ओ'फ्लिनचे पाइप्स जुन्या हार्पची एक संथ धून उचलतात. 'ताउर दम दो लाव', म्हणजे 'तुझा हात दे', रुअरी डाल ओ काहान या अंध हार्पवादकाची रचना. गाणं कुठे संपलं आणि धून कुठे सुरू झाली ते कळतच नाही. ती जागा पुन्हा ऐकायला मी कॅसेट इतक्यांदा मागे घेतली की तिथे टेप चुरगळली. आता फोनवर ऐकतानाही तिथे आवाज थरथरेल असं वाटतं.

आणि बूझुकी विसरू नका. ग्रीसचं तंतुवाद्य, तेव्हा आयर्लंडला येऊन जेमतेम काही वर्षं झालेली, पण इथे डोनल लनीच्या हातात ते आयर्लंडचंच वाटतं. अँडी अर्विनचं मँडोलिन त्याच्यात असं गुंफलेलं आहे की हेडफोन लावूनच ऐका.