स्वॅब दोनदा निगेटिव्ह, रक्त आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह : वडिलांना कोविड होता की नव्हता?

कृष्णाकाठ :
नमस्कार. वडिलांच्या २०२१ सालच्या फाइलविषयी जाणकारांचे मत हवे आहे. तेव्हा त्यांचे वय ६७ होते. १८ मार्चला त्यांनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला आणि ९ एप्रिलला ताप सुरू झाला. १४ तारखेला ऑक्सिजन ८९ वर आल्यावर आम्ही त्यांना मिरजेतील एका खासगी रुग्णालयात दाखल केले. १४ आणि १७ एप्रिलचे दोन्ही आरटीपीसीआर निगेटिव्ह आले, मात्र छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १३ होता. रक्तातील अँटीबॉडीची तपासणीही दोनदा झाली आणि एकाच लॅबने पहिल्यांदा निगेटिव्ह, दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह असा अहवाल दिला. रक्तातील सीआरपी, फेरिटिन आणि डी-डायमर हे आजाराची तीव्रता दाखवणारे घटक सगळे वाढलेले होते. कोविड समजूनच उपचार झाले आणि तेवीस दिवसांनी ते घरी आले.

आता हा विषय उकरून काढण्याचे कारण असे की, वडिलांच्या फुप्फुसात व्रण राहिले आहेत आणि छातीच्या नव्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘कोविड सिद्ध झाला होता का?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. डिस्चार्ज कार्डावर ‘संशयित’ एवढेच लिहिलेले आहे. रक्ताच्या दोन अहवालांपैकी खरा कोणता मानायचा?

सरळरेघ :
माझ्या मते दोन्ही बाजूला ठेवावेत. एप्रिल २०२० मध्ये चीनहून आणलेल्या अँटीबॉडी किटची काय गत झाली ते सर्वांना आठवत असेल. राजस्थानने त्यांची अचूकता अवघी ५.४ टक्के भरल्याचे सांगितले, २१ एप्रिलला आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने राज्यांना दोन दिवस वापर थांबवायला सांगितले आणि २७ तारखेला किट परत करण्याच्या सूचना दिल्या. त्यातच आपल्या वडिलांनी लस घेतलेली होती, म्हणजे अँटीबॉडी सापडणारच. एकाच लॅबचे दोन अहवाल एकमेकांच्या विरुद्ध येतात, यावरूनच काय ते समजावे.

सीरमची नळी :
मी एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. सरळरेघ यांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, पण तो बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर करायच्या झटपट तपासणीचा आहे. दाखल रुग्णाच्या शिरेतून रक्त काढून, ते गोठू देऊन, वरचे सीरम यंत्रावर चालवणे ही वेगळी गोष्ट आहे. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणुशास्त्र संस्थेने मे २०२० मध्ये विकसित केलेली ‘कोविड कवच’ ही एलायझा तपासणीही या दुसऱ्या प्रकारातली होती आणि तिचा उपयोग मुख्यत्वे किती लोकांना संसर्ग होऊन गेला हे मोजण्यासाठी झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांतील पाहणीत झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्याचे जे आकडे आले, तेही रक्तावरूनच काढलेले होते.

आता मूळ मुद्दा. रक्ततपासणीत आपण सहसा विषाणू शोधत नाही, कारण तो रक्तात फारसा सापडतच नाही. २०२० च्या सुरुवातीला चीनमधील २०५ रुग्णांच्या नमुन्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवाचे ९३ टक्के, थुंकीचे ७२ टक्के आणि घशाच्या स्वॅबचे ३२ टक्के नमुने पॉझिटिव्ह होते, तर रक्ताच्या ३०७ नमुन्यांपैकी फक्त ३. म्हणजे छातीत आजार पसरलेला असताना घशाचा स्वॅब कोरा येऊ शकतो, आणि स्वॅबची काडी नाकात पुरेशी आत गेली नाही, रुग्णाने मान मागे घेतली, की ती शक्यता आणखी वाढते. रक्तात सापडतो तो विषाणूला शरीराने दिलेला प्रतिसाद, आणि त्याला वेळ लागतो. सुरुवातीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा, आयजीएम किंवा आयजीजी या अँटीबॉडीच्या दोन प्रकारांपैकी काहीही सापडले तरी पॉझिटिव्ह धरून, लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ३० टक्के, दुसऱ्यात ७२ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के रुग्ण पकडले जात होते. आयसीएमआरने ताज्या संसर्गाच्या निदानासाठी अँटीबॉडी वापरू नये असे सांगितले, त्यामागे हेच कारण होते : ज्या दिवशी रुग्ण दाराशी येतो आणि त्याला कोणत्या वॉर्डात ठेवायचे हे ठरवायचे असते, त्या दिवशी रक्त बहुधा गप्प असते.

म्हणून कृष्णाकाठ, मला तीन गोष्टी सांगा. रक्ताचे दोन्ही नमुने नेमके कोणत्या तारखांचे आहेत? अहवालावर कोणत्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी, असे लिहिले आहे? आणि आकडा किती?

पावसाळी ताप :
मी स्वतः डॉक्टर नाही, पण एक भर घालतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये माझ्या मेहुण्यांना डेंगीची पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणून चार दिवस डेंगीच्या खोलीत ठेवले आणि पाचव्या दिवशी स्वॅब कोविडचा निघाला. नंतर वाचनात आले की सिंगापूरमध्येही दोन रुग्णांच्या बाबतीत असेच झाले होते. तेव्हा रक्तात अँटीबॉडी दिसल्या म्हणजे त्या अमुक आजाराच्याच, असे धरून चालू नये, विशेषतः आपल्याकडे पावसाळ्यात.

कृष्णाकाठ :
ताई, फाइल समोर घेऊन लिहितो आहे. पहिला नमुना १४ एप्रिलचा, म्हणजे तापाच्या सहाव्या दिवसाचा. दुसरा २१ एप्रिलचा, तेराव्या दिवसाचा. दोन्ही अहवालांवर ‘न्यूक्लिओकॅप्सिड, एकूण अँटीबॉडी’ असे छापलेले आहे. पहिला आकडा ०.३, दुसरा ३८. खाली बारीक अक्षरात ‘१ किंवा त्याहून अधिक असल्यास पॉझिटिव्ह’ असे आहे.

सीरमची नळी :
मग हे दोन अहवाल एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. दोन्ही खरे आहेत आणि शेजारी ठेवून वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो.

कोविशील्ड शरीराला फक्त विषाणूच्या काट्याची, म्हणजे स्पाइक प्रथिनाची ओळख करून देते. न्यूक्लिओकॅप्सिड हे विषाणूच्या आत, त्याच्या आरएनएभोवती असलेले प्रथिन आहे आणि ते या लशीत नाही. त्यामुळे सरळरेघ यांचा लशीचा आक्षेप स्पाइकच्या तपासणीला लागू पडला असता, इथे पडत नाही. वडिलांनी कोव्हॅक्सिन घेतली असती तर मात्र मी एवढ्या खात्रीने लिहिले नसते, कारण तिच्यात संपूर्ण मृत विषाणू असतो आणि त्यातून दोन्ही प्रकारच्या अँटीबॉडी तयार होऊ शकतात.

दुसरा मुद्दा जुन्या संसर्गाचा. केवळ २१ तारखेचा नमुना हाती असता, तर २०२० मध्ये नकळत होऊन गेलेल्या कोविडची ही खूण असावी, अशी शंका कोणीही घेतली असती आणि तिला उत्तर देता आले नसते. पण तसे असते तर १४ तारखेलाही आकडा बहुधा एकच्या वर असता. सात दिवसांत निगेटिव्हचे पॉझिटिव्ह होणे हीच ताज्या संसर्गाची खूण आहे. डेंगीच्या दिशेने होणारी गल्लत झटपट पट्टीवर अधिक होते, आणि ०.३ वरून ३८ ही उडी तिच्याने समजावता येत नाही.

फेरिटिन, सीआरपी आणि डी-डायमर यांच्यावर निदान उभे करू नका. आजार किती तीव्र आहे हे ते सांगतात, कोणता आहे हे नाही. जिवाणूंच्या न्यूमोनियातही सीआरपी चढतो आणि डेंगीत फेरिटिन कैक पटींनी वाढते. डी-डायमरची निळ्या झाकणाची नळी तर खुणेच्या रेषेपर्यंत भरली नसेल तर आम्ही ती परतच पाठवतो, आणि त्या एप्रिलमध्ये वॉर्डातल्या सिस्टरांशी यावरून रोज वाद होत असत.

एकच शंका उरते. त्या दिवसांत प्लाझ्मा सर्रास दिला जात होता. आयसीएमआरच्याच ४६४ रुग्णांवरील चाचणीत त्याचा लाभ दिसला नव्हता, तरी मे २०२१ च्या मध्यापर्यंत तो मार्गदर्शक सूचनांत राहिला. प्लाझ्मा म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या अँटीबॉडीच असतात. वडिलांना तो २१ तारखेच्या आधी दिला असेल, तर ३८ हा आकडा दात्याचाही असू शकतो.

सरळरेघ :
प्लाझ्माचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. लशीविषयीचे विधान मी मागे घेतो, मात्र पट्टीवरच्या तपासण्यांविषयी माझे मत कायम आहे.

सीरमची नळी :
त्याबाबत माझेही मत फारसे वेगळे नाही.

कृष्णाकाठ :
प्लाझ्मा दिला होता. बी पॉझिटिव्हचा दाता मिळेना म्हणून धाकटा भाऊ कोल्हापूरला गेला आणि बर्फ भरलेल्या थर्मोकोलच्या डब्यात पिशवी घेऊन रात्री परतला, एवढे पक्के आठवत होते, पण तारीख आठवत नव्हती. आताच रक्तपेढीची पावती सापडली. तिच्यावर २२ एप्रिल, सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटे अशी वेळ आहे. रक्ताच्या अहवालावर नमुना घेतल्याची वेळ २१ एप्रिल, सकाळी ६ वाजून १५ मिनिटे. त्याआधी दुसरी कुठलीही पिशवी दिल्याची नोंद फाइलमध्ये नाही.

सीरमची नळी :
मग त्या अँटीबॉडी वडिलांच्या स्वतःच्याच आहेत. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना रक्ताचे दोन्ही अहवाल, लशीचे प्रमाणपत्र आणि ही पावती सोबत न्या, आणि १४ तारखेचा रक्ताचा निगेटिव्ह अहवाल सर्वांत वर ठेवा.