अन्सवर्थचे ते आठ सामने

२०१७ मध्ये डेव्हिड अन्सवर्थ हा एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबचा आठ सामन्यांपुरता हंगामी मॅनेजर होता. 'आठपैकी पाच हरला, म्हणजे अन्सवर्थला एव्हर्टन झेपलंच नाही', असं कुणीतरी म्हटलंय. आकडा बरोबर आहे, पण फोड करून बघा. पाचपैकी तीन पराभव कपमधले: लीग कपमध्ये चेल्सी, युरोपा लीगमध्ये लियाँ आणि अटलांटा (घरच्या मैदानावर १-५, त्याचं समर्थन कुणीच करू नये). लीगमध्ये मात्र त्याने ५ सामन्यांत ७ गुण काढले. आधीचा मॅनेजर कूमनने ९ सामन्यांत ८ काढून संघ १८व्या क्रमांकावर ठेवला होता. लुकाकू विकल्यावर त्याच्या तोडीचा स्ट्रायकर आणलाच नव्हता, आणि ऑक्टोबरअखेर हंगामी मॅनेजर खेळाडू विकत घेऊ शकत नाही; खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत (ट्रान्सफर खिडकी) तेव्हा बंद असते. वॉटफर्डविरुद्ध ०-२ वरून ३-२ झालं ते नियास, कॅल्व्हर्ट-लुइन आणि बेन्सच्या पेनल्टीवर. शेवटच्या वेस्ट हॅमविरुद्धच्या ४-० मध्ये रूनीची हॅटट्रिक, त्यातला एक गोल तर स्वतःच्या हाफमधून! नवा मॅनेजर अॅलर्डाइस तेव्हा स्टँडमध्ये बसून बघत होता.

खेळाडू म्हणून त्याने एव्हर्टनकडून १९९५चा एफए कप जिंकला, पण त्यापलीकडची एक गोष्ट सहसा कुणी काढत नाही. जानेवारी २००७ मध्ये शेफील्ड युनायटेडने त्याला सोडलं, तो विगनला गेला. १३ मे रोजी शेफील्डच्याच मैदानावर शेफील्डच्या जागिएल्काचा हात चेंडूला लागला, पेनल्टी अन्सवर्थने मारली. २-१. विगन वाचलं, गुण सारखे असूनही शेफील्ड गोलफरकात एका गोलने मागे पडून खालच्या श्रेणीत गेलं.